प्लेअर घ्यायच्या आधी दुकानात ऐकून बघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान सांगलीत, हरभट रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात. वडील ट्रान्झिस्टर आणि कॅसेट विकायचे, मी खिशात मावणारे गाण्यांचे प्लेअर, इअरफोन आणि मेमरी कार्डं विकतो. ऐकून बघण्यासाठी काउंटरवर चार-पाच प्लेअर कायम चार्ज करून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक बदलतं, प्रश्न तेच राहतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. काही उत्तरं माझ्याच धंद्यावर उलटणारी आहेत. असू देत.

नुसतं ऐकून बघितलं तर चालतं का? घ्यायलाच लागतं का?

चालतं. पैसे नाहीत, सक्ती नाही. "घरी विचारून सांगतो" म्हणून गेलेल्यांतले काही परत येतात, काही येत नाहीत. दुकान टाकलं तेव्हाच ते धरलेलं होतं.

हातात फोन असताना वेगळा प्लेअर कशाला?

बहुतेकांना नको, आणि मी तसं तोंडावर सांगतो. फोनला इअरफोनचं भोक असेल, गाणी त्यातच असतील आणि तुम्ही खूश असाल तर घरी जा, चांगला इअरफोन घ्या, संपलं.

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. ॲपलचा आयपॉड आला तो २००१ च्या ऑक्टोबरात, पोटात ५ जीबीची हार्ड डिस्क घेऊन. २०२२ च्या मे महिन्यात ॲपलनं शेवटचा आयपॉडही बंद केला, तेव्हा शेजारचा दुकानदार मला म्हणाला, "आता तू पण मोबाइलची कव्हरं लाव." लावली. पण प्लेअर मागणारं गिऱ्हाईक काही आटलं नाही, फक्त बदललं. आता येतात ती अभ्यासिकेत बसणारी पोरं, ज्यांना गाणं हवंय पण रील नकोय. गाणं शिकणाऱ्या मुली येतात, कारण रियाजाच्या मध्येच फोन वाजला की फोनवर लावलेला तंबोरा बंद पडतो. घरी सीडींचा ढीग असलेले निवृत्त लोक येतात. आणि नव्या फोनला भोकच नाही म्हणून वैतागलेले तर रोजच येतात.

येताना बरोबर काय आणू?

तुमचा रोजचा इअरफोन आणि तुमची गाणी. दुकानातल्या प्लेअरमध्ये आम्ही भरलेली गाणी ऐकून ठरवू नका. ती आम्ही निवडून भरलेली असतात, प्रत्येक दुकानदार तेच करतो. कपड्याच्या दुकानातल्या आरशासारखं आहे ते, तिथं सगळेच बारीक दिसतात.

गाणी मेमरी कार्डावर घालून आणा, चार-पाच पुरे. शक्यतो सीडीवरून काढलेली, फ्लॅक (आवाजातलं काही न गाळलेली फाइल) किंवा ३२० केबीपीएसची, म्हणजे कमी दाबलेली, एमपी३. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेलं गाणं आणू नका. ते बहुधा फाइल लहान करायला आधीच इतकं दाबलेलं असतं की दोन हजारांच्या आणि वीस हजारांच्या प्लेअरवर सारखंच रडतं. मग लोक मला म्हणतात, "मालक, काही फरक नाही." फरक असेल कसा?

कोणतं गाणं लावून बघावं?

जे तुम्हाला पाठ आहे ते. कुठं श्वास घेतलाय, कुठं पेटीचा सूर जरा मागं राहिलाय, हे ज्यात तुम्हाला झोपेतही सांगता येईल असं.

पण मला स्वतःला एकच चाचणी करायला सांगितली तर मी गाणं लावणारच नाही, नुसता तंबोरा लावेन. मिरज इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून तंबोरे नेणारी माणसं आमच्या दुकानावरून जातायत. त्यातल्याच एका कारागिरानं मला ही गोष्ट दाखवली. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते ती घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत जाते, आणि तार नि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून ते घासणं नेमकं जमवतात. ते जमलं की तारेतून एकच सूर निघत नाही, वरच्या सुरांचा थवाच उठतो. त्याला जवारी म्हणतात. कारागीर धागा केसभर मागं-पुढं करत होता. मला आधी काहीच कळेना, आणि एका क्षणी सगळी खोली भरून आली.

आता तेच प्लेअरवर ऐका. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, मग खर्ज. चांगल्या इअरफोनवर प्रत्येक तार छेडल्यावर वर उठणारी ती झिलई वेगळी ऐकू येते आणि हळूहळू विरत जाते, पुढची तार तिच्यावर चढते. वाईट इअरफोनवर चारही तारांची मिळून एक घूंऽऽ उरते, फ्रिज चालू असल्यासारखी. याला तज्ज्ञ लागत नाही. कूपवाडहून येणारा एक टेम्पोवाला, शास्त्रीय गाण्याशी काडीचा संबंध नाही, त्यानं दोन इअरफोन अदलाबदल करून अर्ध्या मिनिटात सांगितलं, "ह्यात माशा हायती, त्यात न्हाईत." माशा म्हणजे ती झिलई. माशा असलेला घ्यावा.

तंबोऱ्यानंतर तबला. डाव्याचा घुमारा ऐकताना मींड खाली सरकते ती कळली पाहिजे, नुसतं धम्म नको. उजव्यावरचा 'ना' टणकन सुटला पाहिजे. फार दाबलेल्या एमपी३ मध्ये त्या 'ना'च्या निमिषभर आधी एक फुसका आवाज येतो, बोल यायच्या आधीच त्याची सावली यावी तसा. तो दोष फाइलचा असतो, प्लेअरचा नाही. प्लेअरला शिव्या घालण्याआधी तेवढं तपासा.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर तपासलं तर?

ऐका जरूर, तपासू नका. किराणा घराण्याचे हे मोठे गायक मिरजेचेच झाले, १९३७ साली गेले. त्या काळची ७८ गतीची तबकडी एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं वाजायची. १९२५ च्या सुमाराला विजेचा मायक्रोफोन येण्याआधी तर गायक थेट भोंग्यात गायचे, त्यामुळं खालचे आणि वरचे बरेचसे सूर तबकडीवर उतरलेच नाहीत. जे मुळात नाही ते कुठलाही प्लेअर आणणार कुठून? महाग प्लेअरवर फारतर तबकडीची खरखर जास्त स्वच्छ ऐकू येईल.

दोन प्लेअर शेजारी ठेवून ऐकले. महागडा खरंच चांगला वाटला. बरोबर आहे ना?

आवाज सारखा केला होता का? नाही? मग काहीच सिद्ध झालं नाही.

या धंद्यातली सगळ्यात जुनी चलाखी हीच आहे. जरासा मोठा वाजणारा प्लेअर कानाला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. भरदार वाटतो, मोकळा वाटतो. कारण आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर फार कमी पोचतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. म्हणजे दुकानदारानं महागड्या प्लेअरचा आवाज दोन पायऱ्या वर ठेवला की अर्धा सौदा झाला. त्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

तेव्हा असं करा. इअरफोन तोच ठेवा. गाणं तेच, त्यातली जागाही तीच. आधी स्वस्त प्लेअरवर आवाज ठरवा. मग महागड्याचा आवाज अगदी खालून वर आणत त्याला मिळवा, आणि शंका राहिली तर महागड्याला एक पायरी कमी द्या. इक्वलायझर, बास बूस्ट, 'थ्रीडी' वगैरे जे काही असेल ते दोन्हीकडं बंद. मग डोळे मिटून बसा आणि बरोबरच्या माणसाला न सांगता अदलाबदल करू द्या. दहा वेळा करा. एक ग्राहक मुलाला घेऊन आले होते. मुलानं दहाही वेळा तोच प्लेअर लावला, बदललाच नाही, आणि वडील प्रत्येक वेळी फरक सांगत होते. दोघं हसत हसत इअरफोन घेऊन गेले, प्लेअर राहिला.

मग प्लेअरमध्ये फरक नसतोच?

असतो, पण लोकांना वाटतो तिथं नसतो. पैशांची वाटणी विचाराल तर मी आधी इअरफोन धरतो. त्यातही रबरी टोपी कानात नीट बसते का ते आधी. टोपी सैल असेल तर खालचे सूर बाहेर गळून जातात, आणि माणूस म्हणतो बास नाही. तीन मापांच्या टोप्या डब्यातच असतात, तिन्ही लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तर लाजू नका, पुष्कळांना लागतं.

प्लेअरचा खरा फरक तीन-चार ठिकाणी कळतो. एक म्हणजे फुसफूस. गाणं थांबवा, आवाज थोडा वर ठेवा, काहीच वाजत नसताना कानात स्स् येतंय का बघा. अगदी संवेदनशील इअरफोन काही प्लेअरना इथं उघडे पाडतात. दुसरं म्हणजे जोर. मोठ्या हेडफोनवर आवाज शेवटपर्यंत नेऊनही गाणं दबलेलंच असेल तर तो प्लेअर त्या हेडफोनसाठी नाही. तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे. इम्पीडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, असा एक ठोकताळा आहे. इअरफोन १६ ओहमचा असेल तर प्लेअर २ ओहमच्या आत. हा आकडा कधी खोक्यावर असतो, कधी विचारावा लागतो. जास्त असला की काही इअरफोनचा स्वभावच बदलतो.

बाकी सगळा फरक हाताचा.

हाताचा म्हणजे?

आवाजाची कानाला आठ दिवसांत सवय होते. जे बटण अंगठ्याला सापडत नाही ते वर्षभरानंतरही सापडत नाही. आवाजाच्या गोंधळात लोक हे तपासायचं विसरतात, म्हणून मी खुर्चीवरून उठवून चालायला लावतो. प्लेअर खिशात टाका, बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन या, आणि खिशातून न काढता गाणं पुढं घ्या, आवाज कमी करा, थांबवा. आमराईत सकाळी फिरायला जाणारी मंडळी हेच तर करणार आहेत. आवाजाचं बटण खिशातच दाबलं जाऊन मध्येच किंचाळतं का, हेही तेव्हाच कळतं. वायर हलली की खर्र होतं का तेही बघा. भोकातला पिन फिरवून बघितला तरी चालेल, मी काही म्हणणार नाही.

मराठी नावं नीट दिसतात का?

हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला फार आवडतं, कारण हा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

स्वस्त प्लेअरमध्ये दोन तऱ्हेनं माती होते. एक, सगळ्या नावाच्या जागी चौकोन. मग दोनशे गाण्यांत तुमचं गाणं चौथा चौकोन की सातवा हे लक्षात ठेवत बसा. दुसरी तऱ्हा जास्त फसवी. अक्षरं दिसतात, पण जोडली जात नाहीत. 'विठ्ठल'मधली वेलांटी 'व'ला सोडून पुढच्या 'ठ'च्या डोक्यावर जाऊन बसते, आणि मधला ठ पाय मोडून उभा राहतो. 'भक्ती' भक् आणि ती अशी दोन ठिकाणी. कारण प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरांचा फाँट भरलेला असतो, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवणारी यंत्रणा नसते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरना सहसा ही अडचण येत नाही. बटणांच्या, छोट्या पडद्याच्या प्लेअरना येते.

बुधगावचे एक निवृत्त मास्तर आले होते. सगळं पसंत पडलं, आवाज, वजन, किंमत. मग त्यांनी चष्मा वर करून पडदा वाचला आणि प्लेअर हळूच काउंटरवर ठेवला. "आवाज चांगला आहे हो. पण हा अशुद्ध लिहितो." नाही घेतला.

तेव्हा कार्डावर एक फाइल मुद्दाम 'ज्ञानेश्वरी अध्याय पहिला' अशा नावाची ठेवा. ज्ञ, श्व, ध्या, वेलांटी, सगळ्याची परीक्षा एका ओळीत होते. आणि फाइलचं नाव एक, आतला टॅग (फाइलच्या पोटात लिहिलेलं गाण्याचं नाव) दुसरा, हे लक्षात घ्या. पुष्कळ प्लेअर फाइलचं नाव न दाखवता आतला टॅग दाखवतात. एमपी३ चा सगळ्यात जुना टॅग ३० अक्षरांचा असतो आणि त्यात देवनागरी मावतच नाही. संगणकावर टॅग २.३ या प्रकारात, युनिकोडमध्ये जतन केले की बरेचदा चौकोनांची अक्षरं होतात. तेवढं आम्ही इथंच करून देतो.

अध्याय उलटसुलट लागतात. प्लेअर बिघडलाय का?

नाही. यंत्राला १ नंतर १० दिसतो, कारण ते आकडा वाचत नाही, अक्षर वाचतं. म्हणून पहिला अध्याय झाला की दहावा, अकरावा असं करत अठरावा, आणि मग दुसरा. नावं ०१, ०२, ०३ अशी द्या, पण आकडे इंग्रजी ठेवा, काही प्लेअर मराठी आकडे वेगळ्याच रांगेत लावतात. तरीही घोटाळा राहिला तर तो कॉपी करण्याच्या क्रमाचा. काही स्वस्त प्लेअर नाव बघतच नाहीत, कार्डावर जी फाइल आधी उतरली ती आधी वाजवतात. अशा वेळी कार्ड रिकामं करून फाइली एकेक करून क्रमानं घालणं हाच उपाय.

याला लागूनच एक चाचणी करा. सीडीवर एकच राग दोन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो, आलाप एक आणि बंदिश दोन. तो सांधा ऐका. मधे क्षणभर शांतता पडून तंबोरा तुटत असेल तर त्या प्लेअरला अखंड वाजवणं जमत नाही. हरिपाठाला चालेल, रागाला नाही.

मेमरी कार्ड कुठलं घेऊ? ५१२ जीबी फार स्वस्त मिळतंय.

फार स्वस्त मिळतंय म्हणूनच घेऊ नका. माझ्यावर हे बेतलंय. एका ठोक व्यापाऱ्याकडून १२८ जीबीच्या कार्डांचा डबा उचलला, पाकिटं अगदी खरी, छपाई खरी. महिन्याभरात एक गिऱ्हाईक आलं, आठवडाभर बसून भरलेली गाणी निम्म्यापासून पुढं वाजेनात. नावं दिसतात, वाजत नाहीत. संगणकावर तपासलं तर कार्डात खरी जागा आठ जीबीची, आणि आतली चिप प्लेअरला आणि संगणकाला १२८ सांगत होती. जागा संपली की पुढचं सगळं हवेत. पैसे परत दिले, उरलेली कार्डं फेकली, ठोक व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून नवीन माल आला की त्यातलं कार्ड पूर्ण भरून, परत वाचून बघितल्याशिवाय काउंटरवर येत नाही. तुम्ही कुठूनही घ्या, पण घरी नेल्यावर पहिल्या दिवशी हेच करा.

किती जागा लागते ते तोंडी सांगतो. ३२० केबीपीएसची एमपी३ तासाला साधारण १४५ एमबी खाते, सीडीच्या दर्जाची फ्लॅक तीनशे ते चारशे. म्हणजे १२८ जीबीत फ्लॅकचे तीनशे तास तरी बसतात. सांगली ते पुणे किती वेळा जाणार आहात?

प्लेअर किती मोठं कार्ड घेतो तेही विचारा. ३२ जीबीच्या वरचं कार्ड काही जुने प्लेअर ओळखतच नाहीत.

'हाय-रेझ' लिहिलेलं घ्यावं का?

हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजलेला आवाज. लिहिलेलं आहे म्हणून घेऊ नका. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असते, म्हणजे आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर त्यात उतरतात. माणसाला तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, साठीनंतर त्यातलं बरंच वरचं जातं, आणि सीडीत हे सगळं मावतं. १९२ किलोहर्ट्झच्या फाइली मी विकत नाही, त्यावर बोलतही नाही.

ब्लूटूथवर ऐकणार आहे. काय बघू?

मग भारी प्लेअरला पैसे घालू नका. ब्लूटूथवर प्लेअरमधला महागडा भाग कामालाच येत नाही, आवाज घडतो तो हेडफोनमध्ये. एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त तपशिलानं आवाज पाठवायची पद्धत, ९९० केबीपीएसपर्यंत जाते) हवं असेल तर ते प्लेअर आणि हेडफोन दोन्हीकडं लागतं. एकाकडं असून उपयोग नाही.

तपासायचं ते मागच्या खिशात ठेवून. आपलं अंग म्हणजे पाण्याची पिशवी, ब्लूटूथच्या लहरी ती पिते. समोर धरून छान वाजणारा प्लेअर मागच्या खिशात गेला की अडखळतो.

बॅटरी ३० तास लिहिलीय. खरं का?

कंपनीच्या खोलीत खरं. पडदा बंद, आवाज मध्यम, साधी फाइल, वायरचा इअरफोन. तुमच्या हातात कमी भरेल. दुकानात बॅटरी तपासता येत नाही, पण खोक्यावरचा उत्पादनाचा महिना वाचता येतो. दोन वर्षं कपाटात पडलेला प्लेअर घेऊ नका, लिथियमची बॅटरी पडूनही म्हातारी होते.

आजीसाठी घ्यायचाय. काय सुचवाल?

आजीला घेऊन या. नातू निवडतो आणि आजी वापरत नाही, हे मी फार बघितलंय. एका आजींना नातवानं टचस्क्रीनचा प्लेअर दाखवला. त्या बोट टेकवत होत्या, पडदा ढिम्म. बोटं कोरडी पडलेली, भाकऱ्या थापून घट्टे पडलेले, काचेला ती बोटं कळतच नव्हती. नातू म्हणतोय "आजी, हळू लाव." आजी म्हणाल्या, "हळूच लावतीया, त्यालाच कळंना झालंय." मग जाड बटणांचा दिला. त्यांनी बटण दाबलं, खट् झालं, आणि त्या हसल्या. त्या खट्-वरच सौदा झाला.

गाणी भरायची कटकट नको असेल तर आधीच गाणी भरलेले पेटीवजा प्लेअर मिळतात. २०१७ साली सारेगामाचा कारवाँ आला आणि त्यात ५००० हिंदी गाणी होती, मग मराठी गाण्यांचाही निघाला. खिशात मावत नाही, पण देवघराशेजारी शोभतो.

तुमचे इअरफोन आधी कुणाकुणाच्या कानात गेलेले असतात...

म्हणून प्रत्येकानंतर टोपी बदलतो आणि जाळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो. तुमचा कान फुटलेला असेल तर मात्र आमचे लावू नका, स्वतःचा आणा.

किती मोठ्यानं ऐकून बघावं?

तुम्ही घरी ऐकता तेवढंच. बोळातल्या गाड्यांवर मात करायला आवाज वाढवलात तर तपासणी खोटी होते आणि कानही जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, त्यामुळं ९० डेसिबलवर आठवड्याचे चारच तास उरतात. सकाळी दुकान उघडताच या, तेव्हा शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली आदळआपट सुरू झालेली नसते.

इथं ऐकून ऑनलाइन घेतलं तर राग येईल का?

येईल. पण अडवणार नाही. तिथली किंमत आधी दाखवा, कधी जुळवता येते, कधी येत नाही. तिथं घेतलेला प्लेअर घेऊन "जरा मराठी टॅग करून द्या" म्हणून आलात तर मात्र त्याचे पैसे घेतो, आणि चहा सांगत नाही.

बिल लागतंच का? आवडला नाही तर परत घेता का?

बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं हा अनुचित व्यापार ठरवलाय. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारला म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण सदोष म्हणजे बिघडलेला. 'घरी गेल्यावर आवाज तितका गोड वाटला नाही' हा दोष कायद्यात नाही, त्यासाठीच तर आधी ऐकायला बसवतो.

परदेशी माल असेल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी. नुसता कोरा परदेशी खोका म्हणजे वॉरंटी रामभरोसे.

घरी जुन्या कॅसेट आहेत. त्या प्लेअरमध्ये घालून मिळतील का?

मिळतील, खऱ्या वेळेत. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पाणी ओसरल्यावर लोक कॅसेटच्या पिशव्या घेऊन आले. काही नुसत्या गाण्यांच्या, त्या बाजारात परत मिळतात. पण एकाच्या पिशवीत वडिलांच्या भजनी मंडळाचं घरीच केलेलं रेकॉर्डिंग होतं, दुसरी प्रत कुठंच नाही. कॅसेट उघडली, पट्टीवरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुतला, सावलीत पंख्याखाली दोन दिवस सुकवली, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात भरली. पखवाज थोडा गेला, वडिलांचा आवाज आला. तो प्लेअरवर त्यांनी इथंच, काउंटरला टेकून ऐकला. त्या दिवशी कुठल्या इअरफोनवर ऐकतोय हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुमच्याकडची भिजलेली कॅसेट असेल तर वाजवून बघू नका, उन्हात तर मुळीच वाळवू नका, पट्टी वेडीवाकडी होते. आहे तशी पिशवीत घालून आणा.